बेलजारमधली होडी

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक होडी असते, असं मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाबांनी जाळं शिवायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "कवरी मोठी?" त्यांनी विचारलं. मी करंगळीची दोन पेरं दाखवली. ते पुन्हा जाळ्याकडे वळले. पोरगा कॉलेजात लागला आणि कामातून गेला, असं त्यांना वाटलं असणार.

आम्ही कोलशेतचे कोळी, आडनाव तांडेल. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गणितानं मला लोळवलं आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी ठाण्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून लागलो. पुढची तीसेक वर्षं मी तिथेच होतो. या कामाची ओळख विचाराल तर एका वाक्यात सांगतो. प्रयोग बरोबर आला की तो सरांचा असतो, चुकला की 'तांडेल, यंत्र बिघडलंय'.

मुलांची तर तऱ्हाच वेगळी. "काका, आन्सर किती येतं तेवढं सांगा ना, रीडिंग आम्ही बसवतो." लंबक एकदाही न हलवता गुरुत्वाकर्षण पुस्तकातल्यासारखं काढणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्यातले काही आज मोठे साहेब आहेत. रस्त्यात भेटले की वाकून नमस्कार करतात, पण लंबकाचा विषय काढत नाहीत.

मला सांगायचं आहे ते मात्र मागच्या छोट्या खोलीबद्दल. बाहेर 'संशोधन कक्ष' अशी पाटी आणि आत लिमये मॅडम. मॅडम डोंबिवलीहून येत. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, हातात एकच घड्याळ, तेही पाच मिनिटं पुढे. वर्गात शिकवून झालं की त्या खोलीत शिरायच्या आणि शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहीपर्यंत बाहेर यायच्या नाहीत. त्यांची पीएच.डी. चालली होती. नऊ वर्षं चालली होती. स्टाफरूममध्ये त्यावरून विनोद होत. मॅडम ते ऐकून स्वतःही हसत आणि चहा संपवून परत खोलीत जात.

विषय काय, ते मला कळायला दोन वर्षं लागली. तुम्हाला दोन मिनिटांत सांगतो, कारण त्यासाठी मी खाडी वापरतो. काचेच्या पट्टीवर चांदीचा थर चढवायचा, इतका पातळ की आरपार दिसावं. इतक्या पातळ थरात चांदी सलग नसते, तिची बेटं बेटं असतात, वेडीवाकडी, कशीही पसरलेली. ओहोटीला आमच्या खाडीत डबकी राहतात ना, तसं. एका डबक्यातून दुसऱ्यात होडी जात नाही. मग भरती चढते, डबकी एकमेकांना मिळतात आणि एका क्षणी अशी वेळ येते की होडी पार निघून जाते. थर जरा जाड केला की विजेचंही तसंच होतं. अलीकडे ती अडते, पलीकडे वाहते. तो मधला क्षण कुठे येतो आणि कसा येतो, हळूहळू की झटक्यात, हा मॅडमचा प्रश्न होता.

अडते की वाहते, हे ओळखायची खूण सोपी. थर थंड करायचा. धातूसारखा असेल तर थंडीत वीज जास्त सहज वाहते. अडलेला असेल तर थंडीत आणखीच अडते.

खाडीचा हा दाखला मी मॅडमना दिला तेव्हा त्यांनी तो दुसऱ्या दिवशी वर्गात वापरला आणि "हे तांडेलांचं आहे" असं सांगितलं. त्या दिवशी मी घरी जाताना उगाचच दोन थांबे आधी बसमधून उतरून चालत गेलो. पण मला त्यांनी बजावलंही, "तांडेल, हे अर्धंच आहे बरं का. इलेक्ट्रॉन म्हणजे नुसतं पाणी नाही, ती लाट आहे. वाट मोकळी असली तरी वेड्यावाकड्या अडथळ्यांवर आपटून ती स्वतःच्याच पायात पाय घालून पडते. आणि त्यातही गंमत म्हणजे हे इलेक्ट्रॉन एकमेकांत गुंतलेले असतात. एकाचं वर्णन करायचं तर दुसऱ्याला वगळून करताच येत नाही, मग ते लांब का असेनात."

"म्हणजे गुंताच की," मी म्हणालो.

"गुंताच. पण तो बघायचा तर फार थंडी लागते, आणि तेवढी थंडी आपल्याकडे नाही. आपण उंबऱ्यावर बसलोय."

आमच्याकडची थंडी म्हणजे द्रवरूप नायट्रोजन. तो आणायचं काम माझं. कोलशेतकडच्या एका कारखान्यातून फ्लास्क भरून घ्यायचा आणि रिक्षानं कॉलेजात आणायचा. त्या फ्लास्कचं झाकण घट्ट लावायचं नसतं, नाहीतर तो फुटेल, त्यामुळे वरून सारखी पांढरी वाफ निघते. एकदा माजिवड्याच्या नाक्यावर रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं, रिक्षा बाजूला घेतली आणि चावी घेऊन पळून गेला. मी फ्लास्क मांडीवर घेऊन बसलेलो. पंधरा मिनिटांनी तो हवालदाराला घेऊन आला. हवालदारानं लांबूनच विचारलं, "काय आहे त्यात?" मी म्हणालो, "साहेब, हवाच आहे, फक्त थंड केलेली." हे खरं होतं, पण ऐकायला फार वाईट वाटत होतं. शेवटी मी खिशातला हातरुमाल आत बुडवून त्याचा पापड करून दाखवला, तेव्हा हवालदार खूश झाला आणि घरी पोरांना दाखवायला तो रुमाल मागून घेऊन गेला.

थर चढवायचं यंत्र म्हणजे काचेची मोठी घंटा, तिला बेलजार म्हणतात. पंपानं तिच्यातली हवा काढून टाकायची. आत दोन खांबांवरच्या, एक खाली एक वर अशा पकडींमध्ये धातूची एक चिमुकली खोलगट पट्टी बसवलेली असते. तीच होडी. इंग्रजीतही तिला होडीच म्हणतात. होडीत चांदीचा तुकडा ठेवायचा आणि वीज सोडायची. होडी लालबुंद होते, मग पांढरी, चांदीची वाफ होऊन वर जाते आणि वर टांगलेल्या काचेवर जाऊन बसते. काच धुणं हे माझं काम आणि माझा गर्व. आम्लात बुडव, ऊर्ध्वपातित पाण्यात खळखळ धू, चिमट्यानं उचल, पुन्हा धू. बोटाचा ठसाही चालत नाही. बायको म्हणायची, घरात एक कप विसळत नाहीस आणि तिथे काचा धूत बसतोस.

आणखी एक काम होतं, नोंदवहीचं. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, "तांडेल, कळो न कळो, जे दिसेल ते लिहायचं. काय महत्त्वाचं ते नंतर ठरतं." पंप सुरू केला, लिहा. काटा थरथरला, लिहा. पाल मेली, लिहा. दर शनिवारी मॅडम आठवड्याची पानं वाचत आणि प्रत्येक ओळीपुढे लाल पेन्सिलीनं टीक करत. हाताला ती सवय इतकी लागली की मी घरी गॅसचा सिलिंडर बदलला तरी कॅलेंडरवर लिहायचो.

पावसाळ्यात आमचं काम बंद असे. दमट हवा पंपाच्या तेलात शिरते, हवा पुरती निघत नाही. कोळ्यांच्या होड्याही त्याच महिन्यांत काठाला ओढलेल्या असतात, आणि नारळी पुनवेला पूजा करून त्या पुन्हा पाण्यात जातात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं ते वर्ष मॅडमसाठी निकराचं होतं. त्यांचे मार्गदर्शक पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. एका मोठ्या संशोधन संस्थेतल्या लोकांनी मॅडमना सांगितलं होतं की काही नवं हाती लागलं, पेपर परिषदेत घेतला गेला, तर दोन वर्षं आमच्याकडे या. तिथे ती खरी थंडी होती. मॅडम हे मला सांगताना हातातल्या पेनाचं टोपण लावत होत्या, काढत होत्या.

नारळी पुनवेला आम्ही घरच्या होडीची पूजा केली. दुसऱ्या दिवशी मी पुडीत उरलेली हळद आणि कुंकू घेऊन कॉलेजात गेलो. यंत्रांना हळदकुंकू लावायला मॅडमची सक्त मनाई होती. दसऱ्याला टेबलावर एक फूल, बस. पण माझ्या मनात आलं, होडी ती होडी. बापजाद्यांपासून पूजेवाचून आमची होडी पाण्यात गेलेली नाही, आणि ही बाई नऊ वर्षं बिनपूजेची होडी हाकतेय. बाहेरून काचेला लावलं असतं तर दिसलं असतं. आणि काम करते होडी, काचेला लावून काय उपयोग? मी बेलजार उचलला, होडी सोडवली, खालच्या पकडीला हळदीचं बोट लावलं, वर कुंकू, आणि होडी परत बसवली. हात जोडले. नोंदवहीत मात्र यातलं काही लिहिलं नाही.

पुढचं ऐका. त्या होडीवर अकरा थर झाले. इतकी एकही होडी टिकली नव्हती, मी मनात म्हणालो, पूजेचा गुण. हवा मोजणारा काटा जरा थरथरायचा, मी तेलाला दोष दिला. आणि निकाल असे यायला लागले की मॅडम खुर्चीत बसेनात. एरवी जो थर धातूसारखा वागायचा, तेवढ्या जाडीचा थर आता अडत होता. आणि पुढे अडणं ते वाहणं हा बदल हळूहळू न होता झटक्यात होत होता. आलेखावर कड्यासारखी रेघ. "तांडेल, हे कुणी पाहिलेलं नाही हो!" मॅडम म्हणाल्या. त्यांनी त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सामोसे दिले. मी दोन खाल्ले.

दिवाळीची सुट्टी संपली आणि एका मंगळवारी ती होडी तडकली. मॅडम वर्गावर होत्या. मी पकडी सोडवल्या, साफ करायला घेतल्या आणि खालच्या पकडीच्या आत बोट फिरवलं. पिवळा-काळा करपलेला डाग. मी तिथेच स्टुलावर बसलो. मला गणित येत नाही, पण तीसेक ग्रॅम अक्कल देवानं दिली आहे. होडी दर वेळी तापली की खालची हळद धुमसत होती, आणि ती वाफ चांदीबरोबर काचेवर जाऊन बसत होती. मी आयुष्यभर धुतलेल्या काचांवर. अडत होती ती वीज माझ्या हळदीनं.

मी पकड घासून लख्ख केली. नवी होडी बसवली. नोंदवही उघडून सवयीनं लिहिलं आणि मिटून ठेवली. मॅडम आल्या तेव्हा मी काचा धूत होतो.

त्यांना सांगायचं, एवढंच करायचं होतं. पण पेपर टाइप होऊन आला होता. मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं की मी पुन्हा काचा धुवायला वळायचो. मी स्वतःला सांगत होतो, नव्या होडीवरही तेच निकाल येतील, मग हळदीचा काय संबंध? शुक्रवारी मॅडमनी मला तपकिरी पाकीट दिलं. "तांडेल, रजिस्टर करून या. तुमच्या हातानं जाऊ दे, शकुन चांगला." मी स्टेशनजवळच्या पोस्टात गेलो, रांगेत उभा राहिलो, माझ्यापुढे आठ माणसं होती. आठ माणसं संपेपर्यंत मला परत फिरता आलं असतं. मी पावती घेऊन आलो.

नव्या होडीवर पहिला थर झाला. धातू. दुसरा झाला. धातू. कडा नाही, काही नाही, जुनीच हळूहळू उतरणारी रेघ. रविवारी घरी बाबा अंगणात जाळ्याचा गुंता सोडवत बसले होते. मी धसमुसळेपणानं एक टोक ओढलं, तसे ते म्हणाले, "जोरान ओरला का गुता वारतं रं. सोरवाचा तं धीर पायजे." त्यांना मी काही सांगितलेलं नव्हतं.

बुधवारी तिसरा थरही तसाच आला. मॅडम आलेखासमोर बसून होत्या. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तांडेल, माझ्याच हातात काहीतरी चुकतंय. तुम्ही तर सगळं नेहमीसारखंच करताय."

तेव्हा मी सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. नारळी पुनव, हळद, पकड.

त्यांनी समोरचा आलेख उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "होडी म्हणतात म्हणून?"

"हो."

"होडी म्हणतात म्हणून तुम्ही तिची पूजा केलीत?" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला, आणि पुढचं हसणं होतं की काय होतं ते मला सांगता येणार नाही. शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"आज सकाळी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. कागद पुढे ओढला आणि परिषदेला पत्र लिहिलं, पेपर मागे घेत असल्याचं. मला वाचून दाखवलं. 'नमुने तयार करताना माझ्या हातून अशुद्धी राहिली,' असं त्यात होतं. मी म्हणालो, मॅडम, माझं नाव घाला. त्या म्हणाल्या, "पेपरवर तुमचं नाव होतं का? मग चुकीवर कशाला?" ते पत्रही मीच पोस्टात टाकलं.

एव्हाना गवगवा झालेला होता. पेपर पाठवायच्या आधी चूक सापडली असती तर ती खोलीतली खोलीत राहिली असती. पाठवून मागे घेतलेल्या पेपरला वास येतो. मार्गदर्शक सर चिडले. त्या संस्थेचं पुढे पत्र आलं नाही. मॅडमना पीएच.डी. मिळाली, पण तीन वर्षांनी, दुसऱ्या मार्गदर्शकांकडे, तो कडा वगळून. ती खरी थंडी काही त्यांना मिळाली नाही. डोंबिवलीहून यायचं, शिकवायचं, जायचं. मला त्यांनी कधी एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे.

पुढच्या नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी पिशवीतून एक डबी काढली. कुंकवाची. मी चार पावलं मागे सरकलो. त्या म्हणाल्या, "घाबरू नका, होडीला नाही. वल्हं मारणाऱ्या हाताला. हात पुढे करा." आणि माझ्या दोन्ही हातांच्या पाठीवर त्यांनी कुंकवाचं एकेक बोट टेकवलं. "आता धुऊन या," म्हणाल्या, "आणि काचा घ्या." मी नळाखाली हात धरले, आणि मला रडू आलं ते मी पाण्याच्या आवाजात संपवलं.

मॅडम माझ्याआधी निवृत्त झाल्या. पुढे माझी वेळ आली तेव्हा संशोधन कक्षाचं कपाट रिकामं करताना जुन्या नोंदवह्या निघाल्या. त्या वर्षाची वही मी उघडली. मंगळवारच्या तारखेखाली माझंच अक्षर होतं. 'होडी तडकली. बदलली. खालच्या पकडीत पिवळा डाग, करपलेला. घासून काढला.' सवयीनं मी सगळं लिहून ठेवलेलं. कळो न कळो, जे दिसेल ते. आणि ओळीपुढे लाल पेन्सिलीची टीक.

शनिवारची टीक. मी बोललो ते बुधवारी. म्हणजे चार दिवस मॅडमना तो डाग माहीत होता. डाग कशाचा ते माहीत नसेल, पण मी तो पाहिला होता आणि गप्प होतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. माझ्याच हातात काहीतरी चुकतंय, असं म्हणून त्या थांबल्या होत्या. कधी कळलं, असं विचारून पुन्हा एकदा थांबल्या होत्या. आणि सगळं माहीत असूनही पुढच्या वर्षी त्यांनी याच हातांना कुंकू लावलं.

त्यानंतर दोनदा मी डोंबिवलीला त्यांच्या घरी जाऊन आलो. चहा झाला, पोह्यांचा आग्रह झाला, पाय दुखतात का याची चौकशी झाली. दोन्ही वेळा मी जिना उतरून खाली आलो ते शब्द तोंडात तसेच घेऊन. दिवाळी अंक मॅडम पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, आणि मला खात्री आहे, अजूनही हातात लाल पेन्सिल असते. म्हणून हे इथे लिहितो.

मॅडम, आज सकाळी नाही. मंगळवारी कळलं होतं. पाकीट पोस्टात टाकलं, त्याच्या तीन दिवस आधी.